समरकंदच्या कोठडीतला सूर्य

सुमारे सहाशे वर्षांपूर्वी समरकंदहून इराणातल्या काशान गावी एक पत्र गेलं. लिहिणाऱ्याचं नाव जमशीद. गणिताचा इतिहास त्याला गियासुद्दीन अल-काशी म्हणून ओळखतो. पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेला मुलगा वडिलांना जे लिहील तेच या फारसी पत्रात आहे. मी खुशाल आहे, राजा मान देतो, इथे विद्वान पुष्कळ आहेत, पण अमुक प्रश्न कुणालाच सुटेना तेव्हा तो मी सोडवला. थोडी बढाई आहे, पण बापाला लिहिताना ती सगळेच मारतात. हे पत्र टिकलं हे आपलं भाग्य. पंधराव्या शतकातल्या एका वेधशाळेत काय चालायचं, ते तिथे रोज वावरणाऱ्या माणसाच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळतं.

मध्ययुगातल्या मुस्लिम वैज्ञानिकांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा नावांची यादी असते. ख्वारिज्मीने बीजगणित दिलं, इब्न अल-हैसमने प्रकाशशास्त्र, इब्न सीनाने वैद्यक. यादी खरी असते, पण तिच्यात माणसं दिसत नाहीत. ती एकमेकांशी कशी बोलायची, कुणाचं कुणाशी वाजायचं, चूक झाली तर कोण कुणाला सांगायचं, हे कळत नाही. जमशीदच्या पत्रात ते कळतं. म्हणून इथे एकाच वेधशाळेची गोष्ट सांगतो.

पत्रातला राजा म्हणजे मिर्झा मुहम्मद तरागाय, तैमूरलंगाचा नातू. जग त्याला उलूग बेग म्हणतं. ती उपाधी आहे, तुर्कीत तिचा अर्थ ‘थोर सरदार’. १३९४ च्या मार्चमध्ये इराणात सुलतानिया इथे, आजोबांची स्वारी चालू असताना तो जन्मला. तो चार वर्षांचा होता तेव्हा त्याच आजोबाने दिल्ली लुटली आणि इथले पाथरवट समरकंदच्या बांधकामांवर राबायला नेले. १४०५ साली चीनवर चालून जाताना ओत्रार इथे तैमूर वारला. वारसांच्या मारामाऱ्या झाल्या, त्यात उलूग बेगचा बाप शाहरुख वरचढ ठरला. त्याने आपली गादी हेरातला ठेवली आणि १४०९ मध्ये समरकंद पंधरा वर्षांच्या मुलाच्या हवाली केलं.

तैमूरच्या नातवाने मुलूखगिरी करावी हीच सगळ्यांची अपेक्षा. ती त्याने करूनही पाहिली. १४२७ साली सिग्नाकजवळ बराक खानाने त्याचा सपशेल पराभव केला, आणि त्यानंतर बरीच वर्षं तो मोठ्या स्वाऱ्यांच्या वाटेला गेला नाही. त्याचा जीव रमला होता तो दुसरीकडे. १४१७ ते १४२० या काळात त्याने समरकंदच्या रेगिस्तान चौकात मदरसा बांधला. ही वास्तू आजही उभी आहे. मदरसा म्हटलं की धर्मशास्त्र आलंच, पण इथे गणित आणि ज्योतिष यांनाही मानाचं पान होतं. ज्योतिष म्हणजे इथे ग्रहताऱ्यांचं गणित, पत्रिकेतलं भविष्य नव्हे.

या मदरशाचा प्रमुख होता काझीजादा रूमी. अनातोलियातल्या बुर्सा शहरातल्या काझीच्या घराण्यातला हा माणूस गणित शिकायच्या ओढीने पूर्वेकडे आला आणि समरकंदला स्थिरावला. त्याची एक गोष्ट जुन्या चरित्रग्रंथांत येते. उलूग बेगने एकदा मदरशातल्या एका शिक्षकाला परस्पर काढून टाकलं. काझीजादाने शिकवायला येणंच बंद केलं. आजारी असेल म्हणून राजा त्याच्या घरी गेला, तर हा धडधाकट. काझीजादा म्हणाला, शिक्षकाचं पद तेवढं कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसतं, अशा समजुतीने मी ते स्वीकारलं होतं. तसं नसेल तर मला ते नको. राजाने माफी मागितली आणि काढलेल्या शिक्षकाला परत घेतलं. गोष्ट अक्षरशः अशीच घडली असेल असं नाही. पण त्या दरबाराबद्दल अशी गोष्ट लोकांना सांगावीशी वाटली, आणि जमशीदचं पत्र तिला पुष्टीच देतं.

जमशीद लिहितो की मदरशात वाद रंगतो तेव्हा राजा स्वतः हजर असतो, आणि एखादी गोष्ट पुरती उलगडल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. भिडेखातर मान डोलावणाऱ्यांचा त्याला राग येतो. कधी कधी तो मुद्दामच चुकीचं विधान पुढे करतो. कुणी अदबीने ‘बरोबर’ म्हणालं की तोच मुद्दा पुन्हा काढून त्याला धारेवर धरतो, की माझ्याकडून अज्ञान वदवून घ्यायचं आहे का तुला? हाच राजा घोड्यावरून जाताना अमुक दिवशी सूर्य राशिचक्रात कुठे होता हे तोंडी गणिताने काढतो आणि खाली उतरल्यावर यंत्राने ताडून पाहतो, असंही जमशीदने लिहिलं आहे. समरकंदात साठ-सत्तर गणित जाणणारे आहेत, असं तो सांगतो. पण त्यांतल्या बहुतेकांबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही. काझीजादाला तेवढा तो मानतो.

जमशीद स्वतः गरिबीतून वर आलेला. काशानमध्ये १४०६ च्या जून महिन्यात त्याने चंद्रग्रहणाचा वेध घेतला तेव्हा त्याच्या पाठीशी कुणीही आश्रयदाता नव्हता. आपला पहिला मोठा ग्रंथ त्याने उलूग बेगला अर्पण केला आणि १४२० च्या सुमाराला समरकंदचं बोलावणं आलं. दरबारी रीतिरिवाज त्याला कधीच जमले नाहीत. बसावं कसं, बोलावं कसं याचं भान नव्हतं, पण त्याच्या हातचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं म्हणून राजाने ते चालवून घेतलं, असं नंतरच्या फारसी चरित्रकाराने नोंदवून ठेवलं आहे.

हे सगळं शून्यातून उगवलेलं नव्हतं. नवव्या शतकात बगदादच्या खलिफा अल-मामूनने वेध घ्यायला माणसं बसवली, तेव्हापासूनची ही परंपरा. तिच्यात ग्रीकांचा टॉलेमी होता आणि आपले सिद्धांतग्रंथही होते. त्याची खूण एका शब्दात आजही सापडते. आपल्या ज्योतिषांनी कंसाच्या दोरीला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हटलं. अरबांनी तो शब्द ‘जीबा’ असा जसाच्या तसा घेतला. पण अरबीत स्वर लिहायची पद्धत नाही, म्हणून नंतरच्यांनी तो ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा खळगा, आणि आपल्याला माहीत असलेला ‘जेब’ तोच. युरोपात त्याचं लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झालं, आणि शाळेत मुलं जो ‘साइन’ घोकतात तो असा आपल्याच घरून निघून जग फिरून परत आलेला आहे.

वेधशाळा बांधायची तर यंत्र मोठं हवं, हेही समरकंदच्या आधीपासून माहीत होतं. कोनाची वाटणी बारीक करायची तर त्रिज्या वाढवायला हवी. ९९४ साली रय शहरात, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, अल-खुजंदीने सुमारे वीस मीटर त्रिज्येचा कंस बांधला. त्याचा आश्रयदाता फख्रुद्दौला, म्हणून यंत्राचं नाव ‘फख्री षष्ठांश’. षष्ठांश म्हणजे वर्तुळाचा सहावा भाग, साठ अंशांचा कंस. खुजंदीच्या मापात थोडी चूक निघाली, आणि अल-बिरूनीने तिचं कारणही लिहून ठेवलं. दोन वेधांच्या मधल्या काळात इमारत आपल्याच भाराने खचली आणि ज्या भोकातून ऊन आत यायचं ते सुमारे वीतभर खाली आलं. यंत्र मोठं केलं की त्याचं वजनच शत्रू होतं. पुढे १२५९ साली मराग्याला नसिरुद्दीन तूसीने मोठी वेधशाळा उभारली. जमशीदला तिची सगळी माहिती होती, आणि समरकंदच्या इमारतीचा आराखडा ठरताना त्याने ती पुरवली.

समरकंदच्या ईशान्येला, कोहक टेकडीच्या पायथ्याशी एका उंचवट्यावर ही इमारत १४२० च्या दशकात उभी राहिली. गोल, तीन मजली, व्यास सुमारे शेहेचाळीस मीटर. तिच्या पोटात उत्तर-दक्षिण रेषेत फख्री षष्ठांश बसवला होता. त्रिज्या चाळीस मीटर, खुजंदीच्या दुप्पट. एवढी उंची नुसत्या विटांवर पेलायची नाही म्हणून कंसाचा खालचा भाग टेकडीच्या खडकात चर खोदून जमिनीखाली उतरवला होता. खडक खचत नाही.

आता दुपारी बाराच्या सुमाराला आपण त्या चरात उतरलो आहोत असं समजू. दोन समांतर कठडे अंधारात खाली वळत गेलेले आहेत. त्यांना संगमरवराच्या लाद्या लावल्या आहेत आणि लाद्यांवर अंशांच्या खुणा कोरल्या आहेत. बाजूने पायऱ्या आहेत. वर दक्षिणेकडे, कंसाच्या केंद्रापाशी एक छोटं छिद्र. बाहेर ऊन रणरणतं आहे पण आत एकच कवडसा येतो, आणि तो कवडसा म्हणजे प्रत्यक्ष सूर्याचं बिंब असतं. चाळीस मीटर अंतरावर ते पडतं तेव्हा त्याची रुंदी जवळजवळ सदतीस सेंटिमीटर भरते, एखाद्या परातीएवढी. ही परात एका बाजूने संगमरवरावर चढते आणि सरकत सरकत दुसऱ्या बाजूने उतरते. स्वतःच्या रुंदीइतकं अंतर तोडायला तिला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात तिच्या वरच्या आणि खालच्या कडा कुठे आल्या ते टिपायचं. चुकलं की उद्या. आभाळ आलं की परवा.

या कंसावर एक अंश म्हणजे सत्तर सेंटिमीटर. अंशाचे साठ भाग केले की एक कला, ती पावणेबारा मिलिमीटरांची. कलेचे पुन्हा साठ भाग म्हणजे विकला, आणि पाच विकला म्हणजे एक मिलिमीटर. हाताच्या वीतभर पितळी यंत्रावर ज्यांना एकेक अंश डोळे ताणून वाचावा लागे, त्यांच्यासाठी हे सुख काय असेल याची कल्पना करा.

वर्षभर रोज हे केलं की काय मिळतं? समरकंदात जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे चौऱ्याहत्तर अंश चढतो, डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी सत्तावीसच. दोहोंतला फरक सत्तेचाळीस अंश, त्याचा निम्मा साडेतेवीस. पृथ्वीचा अक्ष कलला आहे तो एवढा. दोहोंची सरासरी नव्वदातून वजा केली की समरकंदचा अक्षांश हाती येतो. तत्त्व शाळकरी पोराला समजेल इतकं साधं आहे. सगळी करामत साडेतेवीसच्या पुढच्या आकड्यांत होती. समरकंदचं उत्तर आलं २३ अंश ३० कला १७ विकला. त्या काळासाठी आजच्या गणिताने येणारं मूल्य याहून जेमतेम अर्ध्या कलेने जास्त आहे. दुर्बीण निघायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

वेध घेणं हा निम्मा भाग. उरलेला निम्मा कागदावर, आणि तिथे जमशीदच्या तोडीचं कुणी नव्हतं. ताऱ्याची उंची मोजली तरी त्याचं आकाशातलं स्थान काढायला ‘ज्यां’चे तक्ते लागतात. भूमितीने तीन अंशांची ज्या नेमकी काढता येते. पण एका अंशाची काढायला गेलं की घन समीकरण आडवं येतं, आणि त्याला कंपास-पट्टीने उत्तर नाही. टॉलेमीने तिथे अंदाजावर भागवलं होतं. जमशीदने युक्ती केली. एक अंदाज घ्यायचा, समीकरणात घालायचा, जे बाहेर येईल ते पुन्हा आत घालायचं. प्रत्येक फेरीत उत्तराचा आणखी एक आकडा पक्का होत जातो. सोळा दशांश स्थळांपर्यंत त्याचं उत्तर बरोबर आहे. आज संगणक हजारो गणितं याच रीतीने सोडवतो.

त्याआधी, १४२४ च्या जुलैमध्ये, त्याने वर्तुळाच्या परिघाचा हिशोब पुरा केला होता. पायचं मूल्य किती स्थळांपर्यंत काढायचं हे त्याने आधी ठरवलं, आणि ठरवण्याची रीत मला फार आवडते. समजा, पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यासाचं वर्तुळ आहे. त्याच्या परिघात घोड्याच्या केसाच्या जाडीएवढीही चूक राहता कामा नये. एवढं मागणं मागून तो कामाला बसला. वर्तुळात बहुभुजाकृती बसवत, तिच्या बाजू दुप्पट-दुप्पट करत तो ८०,५३,०६,३६८ बाजूंपर्यंत गेला, म्हणजे ऐंशी कोटींच्या वर. सगळी वर्गमुळं हाताने काढलेली. आलेलं उत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. त्याच सुमाराला केरळात माधवाच्या परंपरेने अनंत श्रेणीच्या निराळ्याच वाटेने पाय अकरा स्थळांपर्यंत गाठला होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. युरोपात जमशीदच्या पुढे कुणी जायला १५९६ साल उजाडलं, लुडोल्फ फान कोलेन याच्या हातून. १४२७ मध्ये जमशीदने ‘मिफ्ताह अल-हिसाब’ म्हणजे ‘हिशोबाची किल्ली’ हा ग्रंथ पुरा केला. व्यापारी, गवंडी, मोजणीदार यांना उपयोगी पडावा म्हणून लिहिलेला. घुमटाला चुना-विटा किती लागतील याचंही गणित त्यात आहे, आणि दशांश अपूर्णांक पद्धतशीर कसे वापरायचे तेही.

दोनच वर्षांनी, १४२९ च्या जूनमध्ये, वेधशाळेतच तो वारला. काही वर्षांनी काझीजादाही गेला. राहिलेलं काम एका तरुणाने उचलून धरलं. अली कुशजी. कुशजी म्हणजे ससाणे पाळणारा. त्याचा बाप उलूग बेगच्या पदरी शिकारी पक्ष्यांची देखभाल करायचा. हा पोरगा एके दिवशी न सांगता गायब झाला, किरमानला जाऊन शिकला आणि परतल्यावर राजापुढे नजराणा म्हणून चंद्रकलांवरचा आपला निबंध ठेवला. राजा रागवायचं विसरला, असं सांगतात.

१४३७ च्या सुमाराला ग्रंथ आकाराला आला. ‘झीज-ए-सुलतानी’. झीज म्हणजे ज्योतिषाचे तक्ते. पंचांग करणाऱ्याला हाताशी लागतो तसा करणग्रंथ. काळगणना, ज्या-कोष्टकं, सूर्य-चंद्र-ग्रहांच्या गती, आणि शेवटी १०१८ ताऱ्यांची यादी. नाक्षत्र वर्षाची लांबी दिली आहे ३६५ दिवस, ६ तास, १० मिनिटं, ८ सेकंद. प्रत्यक्षापेक्षा ५८ सेकंदांनी जास्त. ताऱ्यांची स्थानं मात्र सूर्याच्या वेधाइतकी नेमकी नाहीत. ती वेगळ्या, लहान यंत्रांनी घेतलेली होती, आणि त्यांत बऱ्याच कलांच्या चुका आहेत. तरी या यादीचं मोल कशात आहे ते सांगायला हवं. टॉलेमीने दुसऱ्या शतकात तारे नोंदले त्यानंतर तेराशे वर्षं बहुतेकांनी त्याचेच आकडे घेऊन त्यांत अयनचलनाची, म्हणजे विषुवबिंदू सावकाश सरकतात त्याची, बेरीज करून चालवलं होतं. समरकंदच्या माणसांनी आभाळाकडे बघून आकडे नव्याने घेतले. जे दक्षिणेकडचे सत्तावीस तारे समरकंदहून दिसत नव्हते ते अस-सूफी या आधीच्या ज्योतिर्विदाच्या यादीवरून घेतले आणि तसं स्वच्छ लिहून टाकलं. प्रस्तावनेत उलूग बेगने काझीजादा आणि जमशीद यांचं ऋण मानलं आहे, ते काम अर्ध्यावर टाकून गेले हे सांगितलं आहे आणि अली कुशजीचं नाव घेतलं आहे. राजाच्या नावाने निघालेल्या पुस्तकात पगारी माणसांची नावं येणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मार्च १४४७ मध्ये शाहरुख वारला आणि त्रेपन्न वर्षांच्या उलूग बेगला अख्ख्या साम्राज्याच्या भांडणात उतरावं लागलं. हेरात जिंकलं, गमावलं. दोन मुलांतल्या धाकट्याकडे, अब्दुल अजीजकडे, त्याचा ओढा होता. थोरला अब्दुल लतीफ मनात जळत राहिला. बापाला स्वतःच्या पत्रिकेवरून या मुलाची भीती वाटायची, असं बखरकार लिहितात. माझ्या मते पत्रिकेची काही गरज नव्हती. दोन मुलांत उघडउघड डावं-उजवं केलं की भांडण लागायला ग्रह लागत नाहीत. १४४९ च्या शरदात समरकंदजवळ बाप-लेकांची लढाई झाली. बाप हरला. आपल्याच शहराकडे परतला तर वेशीचे दरवाजे बंद. शेवटी तो मुलाच्या स्वाधीन झाला आणि मक्केला जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. थोड्याशा सोबतीनिशी तो निघाला, पण पहिल्याच मुक्कामाजवळ त्याला अडवण्यात आलं. ज्याचा बाप उलूग बेगच्या हुकमाने मारला गेला होता असा अब्बास नावाचा माणूस तिथे आला, आणि सूड म्हणून, अब्दुल लतीफच्या संमतीने, त्याने राजाचं मुंडकं उडवलं. ऑक्टोबर १४४९ अखेर ही घटना घडली. अब्दुल अजीजलाही मारलं. अब्दुल लतीफला राज्य लाभलं सहा महिने. मग त्याचंही डोकं कापून बापाच्याच मदरशाच्या दारावर टांगण्यात आलं.

इथे एक लोकप्रिय कहाणी खोडायला हवी. राजाला मारलं त्याच झपाट्यात धर्मांधांनी वेधशाळा जमीनदोस्त केली, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. बाबर १४९७ साली समरकंदात शिरला, म्हणजे खुनानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. ‘बाबरनाम्या’त त्याने कोहकच्या पायथ्याच्या या तीन मजली इमारतीचं वर्णन केलं आहे. जगात आजवर सात-आठच वेधशाळा झाल्या असं सांगून त्यांत त्याने उज्जैनची विक्रमादित्याची वेधशाळाही गणली आहे. समरकंदची वेधशाळा एका रात्रीत पाडली गेली नाही. ती चालवणारं कुणी उरलं नाही. वेध घेणारे पांगले, पगार थांबले, आणि मग पुढच्या पिढ्यांनी विटा उचलून नेल्या. गावात पडका वाडा असतो त्याचं जे होतं तेच झालं. मला ही हकिगत पहिलीपेक्षा जास्त वाईट वाटते, कारण तिच्यात दोषी धरायला कुणी एक माणूस सापडत नाही.

वाचलं ते हस्तलिखित, कारण त्याच्या नकला झाल्या होत्या. अली कुशजी समरकंद सोडून तब्रिजमार्गे इस्तंबूलला पोचला. दुसऱ्या सुलतान मेहमेदने त्याला आयासोफियाच्या मदरशात नेमलं. तिथे त्याने आपल्या लेखनात एक धाडसी मुद्दा मांडला, की ज्योतिषाला ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचा आधार लागत नाही, आणि पृथ्वी फिरते ही कल्पना निव्वळ निरीक्षणाने खोटी ठरवता येत नाही. १४७४ साली तो इस्तंबूललाच वारला. १६६५ मध्ये थॉमस हाइड याने ऑक्सफर्डला ही तारायादी छापली. १६९० मध्ये हेवेलियसच्या ग्रंथातल्या एका चित्रात थोर ज्योतिर्विद एका मेजाभोवती बसलेले दाखवले, त्यांत टॉलेमी आणि टायको ब्राहे यांच्या पंगतीत उलूग बेगलाही जागा मिळाली.

हिंदुस्थानात हे तक्ते त्याआधीच आले होते. अकबराच्या दरबारात फतहुल्ला शिराझीच्या देखरेखीखाली त्यांच्या काही भागाचं भाषांतर झालं. त्या कामावर किशन जोशी, गंगाधर आणि महेश महानंद हे पंडित होते, असं ‘आईन-ए-अकबरी’त नमूद आहे. पुढे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात आपला ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ तयार केला, तेव्हा उलूग बेगची तारायादी हाती घेऊन तिच्यातल्या रेखांशांत ४ अंश ८ कला मिळवून ती आपल्या काळाशी जुळवली. समरकंदच्या धर्तीवर पितळी यंत्रं करून पाहिली, ती मनासारखी चालेनात, म्हणून चुना-दगडाची मोठी यंत्रं बांधली, हे जयसिंग स्वतःच सांगतो. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा या पाच ठिकाणी ती उभी राहिली. त्यांपैकी उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आल्यावर १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली.

समरकंदची जागा मात्र विसरली गेली होती. वसिली व्यात्किन नावाच्या, पुरातत्त्व स्वतःच्या स्वतः शिकलेल्या माणसाला सतराव्या शतकातला एक जमिनीचा दस्त मिळाला. चतुःसीमेत वेधशाळेच्या टेकडीचा उल्लेख होता. त्या धाग्याने १९०८ साली त्याने खणायला सुरुवात केली आणि संगमरवरी कंस हाती लागला. वरचं सगळं गेलं होतं. खडकात उतरवलेला भाग तेवढा जागच्या जागी होता. व्यात्किन १९३२ मध्ये वारला. त्याची कबर या वेधशाळेशेजारीच आहे. १९४१ च्या जूनमध्ये गेरासिमोव्ह या सोव्हिएत मानवशास्त्रज्ञाच्या पथकाने समरकंदच्या गुर-ए-अमीर या थडग्यात उलूग बेगची कबर उघडली. मानेचा मणका धारदार शस्त्राने साफ कापलेला होता. अंगावरच्या कपड्यांसकट पुरलेलं होतं, जसं शहिदाला पुरतात.

समरकंदला जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही. जयपूरला आपण जातो. जंतरमंतरात सम्राट यंत्राचा उंच जिना बघून, फोटो काढून परततो. पुढच्या वेळी दुपारी बाराच्या आधी जा. त्या यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांत अंधाऱ्या कोठड्या आहेत, त्यांत साठ अंशांचा कंस आहे, त्याचं नाव षष्ठांश यंत्र. पहारेकऱ्याला विनंती करून आत डोकवा. छताजवळच्या छिद्रातून सूर्य खाली येतो, इथे बशीएवढा, जेमतेम आठ सेंटिमीटरांचा, आणि रेघांवरून सरकायला लागतो. घड्याळ लावून बघा. स्वतःची रुंदी ओलांडायला त्याला दोनच मिनिटं लागतात.